तो प्यालेला नव्हता

कोणाच्याही घरी गेला की तो चपला उंबऱ्याबाहेर काढायचा, समोर जो असेल त्याच्या नाकाजवळ तोंड न्यायचा आणि 'हाऽऽ' करून श्वास सोडायचा.

"घ्या भो, आधी वास घ्या. मग बोलू."

नवा माणूस दचकायचा. बायामाणसं पदर नाकाला लावायच्या, म्हणून त्यांच्यासाठी तो दोन हात लांबून 'हाऽऽ' करायचा. वास कसला यायचा? चहाचा, वेलदोड्याचा, कधी कच्च्या कांद्याचा. पिणं सोडून त्याला वर्षं झाली होती, तरी हे चालूच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकदा कोणी चोर म्हटलं की जन्मभर न विचारता खिसे उलटे करून दाखवतात.

ही खोड त्याला बायकोमुळे लागली. पीत होता तेव्हा ती दारात उभी राहून त्याचं तोंड हुंगायची आणि मगच आत घ्यायची. सोडल्यावरही हुंगायची. मग एक दिवस तिने हुंगलंच नाही, सरळ ताट वाढलं. हा म्हणाला, "आज नाही बघितलंस?" ती म्हणाली, "रोज काय हुंगायचं? मी काय कुत्री आहे?" त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. पण तो मला म्हणाला, "आप्पा, परीक्षेला बसलो, पास झालो आणि पेपर तपासणाराच उठून गेला." तेव्हापासून तो साऱ्या जगाकडून पेपर तपासून घेऊ लागला.

हा माणूस या उन्हाळ्यात गेला. दारू पिऊन गेला असं सिल्वासात बोललं जातं. नाक्यावर बोलतात, कंपनीच्या गेटवर बोलतात, सलूनमध्ये बोलतात. खोटं आहे. साफ खोटं आहे. आणि हे नुसतं त्याच्या नावाचं नाही. त्याचं ऐकून जे सुधारले, ते आता म्हणतात, तोच शेवटी प्यालाच ना, मग आपण कशाला जीव मारायचा? राखोलीचा सुभाष, फोर्कलिफ्ट चालवतो, चांगला ताळ्यावर आलेला माणूस, या एका बोलण्यावर परत बाटलीला लागला. म्हणून लिहायला बसलो. मी सातवी नापास. ऱ्हस्व-दीर्घ मला विचारू नका. पण त्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे.

आम्ही दोघे एकाच यार्न कंपनीत होतो. मी मशीनवर, तो डॉफर. डॉफर म्हणजे सूत भरलेल्या बोबिनी मशीनवरून उतरवायच्या आणि रिकाम्या चढवायच्या. सारी शिफ्ट उभ्याने काम. मी शिंदखेड्याकडचा, तो शहाद्याकडचा. त्या काळी इथे टॅक्स माफ होता म्हणून कंपन्या आल्या, कंपन्यांच्या मागे आम्ही आलो आणि आमच्या मागे बार आले. पलीकडे गुजरात, तिथे दारूबंदी. इकडे पाऊल टाकलं की दुकान. सुट्टीला तिकडून गाड्या भरून लोक येतात, पितात, पडतात, परत जातात. त्यांना इथे पाहुणे म्हणतात. इथला माणूस प्याला की दारुडा. गल्ला दोघांच्या पैशाने भरतो, नाव मात्र एकाचंच जातं.

सेकंड शिफ्टला वॉचमन गेटवर सगळ्यांची तोंडं हुंगायचा. पिणारे पेरूचा पाला चघळून यायचे. आमचा हा त्या पाल्यातला मास्तर. चाळीमागच्या पेरूला हात पोचेल तिथवर पान म्हणून राहिलं नव्हतं. चाळीतली एक म्हातारी ओरडायची, "मेल्या, बकरी तरी फांदी सोडते!"

आता त्याची गोष्ट. ती त्याने इतक्या वेळा सांगितली की मला पाठ आहे. चहाच्या टपरीवर सांगायचा, लग्नाच्या पंगतीत सांगायचा, दवाखान्याच्या रांगेत सांगायचा. एकही शब्द बदलायचा नाही.

"माझी माय इथेच वारली, सामरवरणीच्या खोलीत. अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. मडकं बसमध्ये फुटेल म्हणून बायकोने स्टीलच्या डब्यात भरल्या, वर फडकं बांधलं, डबा पिशवीत घातला. म्हणाली, वाटेत कुठे थांबू नका. मी म्हटलं, माझी माय आहे, मला कळत नाही का? स्टँडवर गेलो. बसला अवकाश होता. समोर बार. म्हटलं, माय गेलीय, दुःख आहे, एक घेतली तर देव काय म्हणणार आहे? पिशवी टेबलाखाली ठेवली. दिवस मावळायला उठलो आणि घरी आलो. बायको म्हणाली, एवढ्यात नाशिकहून आलात? तेव्हा ध्यानात आलं, माय टेबलाखालीच राहिली."

इथे लोक हसायचे. तो हसू द्यायचा. स्वतःही थोडं हसायचा.

"सकाळी पळत गेलो. बारचा वेटर भैया होता. म्हणाला, काका, आपका टिफिन. फ्रिज के ऊपर रख दिया था. खोला नहीं."

मग पाणी असेल तर घोटभर प्यायचा.

"तुम्हाला वाटेल त्या दिवशी सोडली. नाही सोडली भो. त्याच टेबलावर बसलो. डबा मांडीवर घेतला आणि प्यालो."

इथे कोणी हसायचं नाही.

"मग सुटली कशी?" असं कोणीतरी विचारायचंच.

"पुष्कळ दिवसांनी सुटली. उपदेश मला अख्ख्या गावाने केला. सासऱ्याने केला, साहेबाने केला, बाबा-बुवाने केला. मग एकजण भेटला, त्याने उपदेश केला नाही. स्वतःचं सांगितलं. मला वाटलं, हा माझ्या घरात खिडकीतून डोकावून गेला की काय? म्हणून मी सांगतो. कोणाची सुटो, न सुटो."

ज्यांची सुटली आहे ते आणि ज्यांची सुटावी असं वाटतं ते, रविवारी दुपारी एका शाळेच्या खोलीत बसतात. आपापलं सांगायचं, दुसऱ्याला शिकवायचं नाही, आणि तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं, असा रिवाज. हा बाहेरही सांगत सुटला म्हणून तिथले जुने लोक त्याला म्हणाले, "भाऊ, नाव-गाव झाकून ठेवायचं असतं."

तो म्हणाला, "दुसऱ्याचं झाकतोच की. माझं काय झाकता? गटारात पडायचो तेव्हा कोणी चादर घातली होती का?"

माझा त्याच्याशी खरा संबंध आला तो माझ्या पोरामुळे. पोरगा आयटीआय झालेला, कंपनीत चिकटलेला, आणि दारूत बुडालेला. मी मारून पाहिलं, कोंडून पाहिलं. माझी बायको शेवटी म्हणाली, "अहो, तुमच्या कंपनीतल्या त्या 'हाऽऽ' करणाऱ्याला बोलवा." मी म्हटलं, "तो काय करणार, फुंकर मारणार?" ती म्हणाली, "तुम्ही मारून दमलात ना? आता त्याला फुंकू द्या."

तो आला. चपला काढल्या. माझ्या बायकोसाठी दोन हात लांबून 'हाऽऽ' केलं. पोरगा भिंतीकडे तोंड करून गोधडी ओढून पडला होता. हा त्याच्याकडे बघेचना. खाली फरशीवर बसला आणि डब्याची गोष्ट माझ्या बायकोला सांगितली. चहा प्याला, गेला. चार दिवसांनी परत आला. परत तीच गोष्ट, परत तिलाच. ती बिचारी दर वेळी नव्याने "अगं बाई!" म्हणायची. मला वैताग आला. मी म्हटलं, "अरे भो, ज्याला सांगायचं त्याला सांग ना."

"आप्पा, कान भिंतीकडे वळत नाहीत. तोंडच वळतं."

असा तो येतच राहिला. एका दिवशी त्याला मध्येच खोकला आला. माय टेबलाखाली राहिली, इथवर आला आणि खोकत बसला. तेव्हा गोधडीतून आवाज आला, "मग? मिळाला का डबा?"

माझ्या बायकोने तोंडात पदराचा बोळा कोंबला. तो मात्र सावकाश म्हणाला, "मिळाला ना, बेटा. पण मी त्या दिवशी पण प्यालो."

पोराने कूस बदलली. त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "मी आजीच्या तेराव्याला प्यायलो होतो. कोणाला माहीत नाही."

आम्हाला खरंच माहीत नव्हतं. मी उठणार होतो, बायकोने माझा हात असा दाबून धरला की नखं रुतली. पुढच्या रविवारी दोघे मिळून बैठकीला गेले. मध्ये दोनदा पोरगा घसरला, तेही सांगतो, नाहीतर तो मला वरून शिव्या घालेल. पण आता नीट आहे. बायको म्हणायची, "हा माणूस स्वतःचं धोतर फाडून दुसऱ्याला ठिगळ लावतो." आता ती नाही. तिचं हे बोलणं आता कोणापाशी बोलायचं, हा प्रश्न आहे.

मग त्याला मोठं करणारे लोक आले. एक संस्था. नाव घेत नाही, त्यांना फुकट जाहिरात कशाला? हॉलमध्ये कार्यक्रम, खुर्च्यांना पांढरी कापडं, शाल, श्रीफळ. मला आणि पोराला तो सोबत घेऊन गेला. स्टेजमागे एका बाईने त्याला समजावलं, "काका, पाच मिनिटं. ते बारचं नका सांगू, एक पाहुणे त्याच धंद्यातले आहेत. आणि डबा मिळाला त्या दिवशी तुम्ही शपथ घेतली, असं म्हणा. शेवट छान होतो."

"पण मी प्यालो ना त्या दिवशी."

"काका, लोकांना प्रेरणा पाहिजे."

"ताई, मी शपथ घेतली म्हणालो, तर ज्याची घेऊन मोडली तो म्हणेल, मी याच्याहून वाया गेलेला. तो उठून सरळ बारमध्ये जाईल. मग माझं सांगणं कोणाच्या कामाचं?"

स्टेजवर त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं, बारसकट. माईकवाल्याने मध्येच संगीत सुरू केलं. तो तरी बोलतच राहिला. शेवटी एकाने येऊन त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि त्याच शालीला धरून त्याला खाली आणलं. मी बघत होतो. बैल ओढून नेतात ना, तसं.

तरी त्यांनी नाक्यावर बोर्ड लावलाच. ह्याचा फोटो, भलामोठा, आणि खाली 'व्यसनातून आदर्शाकडे'. ह्याला विचारलंसुद्धा नाही. बोर्डवरचं वाचतो कोण? लोक तोंड बघतात. पूर्वी त्याला कंपनी आणि चाळ ओळखत होती. आता दादऱ्यापासून अथालपर्यंतचे रिक्षावाले ओळखायला लागले. "तो बघ, बोर्डवाला बेवडा." त्याची बायको, आमच्या वहिनी, भाजी आणायला दुसऱ्या रस्त्याने जायला लागल्या. तो म्हणायचा, "असू द्या. कोणी तोंड बघून तरी थांबेल, विचारेल." थांबत होते, हे खरं. सुभाष असाच बोर्ड बघून आला होता.

मागच्या दिवाळीआधी माझी बायको गेली. शुगरने किडन्या खाल्ल्या. सगळे आले, सगळ्यांनी सांगितलं, आप्पा, धीर धरा, ती सुटली, देवाची इच्छा. मला एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती. तो आला, 'हाऽऽ' केलं आणि माझ्याशेजारी बसला. मी म्हटलं, "काय, आज तुझी गोष्ट नाही का?"

"आज माझी नाही. तुम्ही सांगा."

मला काय सांगता येतं? मग तो आत गेला आणि मेथी निवडायला घेतली. पोरगा ड्युटीवर, मला चूल पेटवता येत नव्हती, गॅसलाही आम्ही चूलच म्हणतो. वहिनी माहेरी निघून गेल्या होत्या त्या काळात त्याला सगळं करायची वेळ आली होती. त्याने मला भाकरी शिकवली. माझी पहिली भाकरी बघून म्हणाला, "आप्पा, हा तर गुजरातचा नकाशा झाला. आपल्या नशिबात ड्राय स्टेटच लिहिलाय." बायको गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते त्या भाकरीवर. हसता हसता जे व्हायचं ते झालं. त्याने माझी पाठ थोपटली नाही की काही नाही. तव्यावरची भाकरी उलटत बसला. कोरडी होऊन गेली होती ती, तरी उलटत होता.

आता तो दिवस.

रविवार होता. ऊन भाजत होतं. तो बैठकीला पायी निघाला. नाक्याजवळ, बारच्या ओळीसमोर, त्याचा पाय वाकडा पडायला लागला. त्याने विजेचा खांब धरला. जीभ जड झाली. तोंडातून शब्द निघेना, लाळ यायला लागली. तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं, ते मला सांगू नका. तिथे उभ्या असलेल्यांना एकच वाटलं. वर बोर्ड, खाली तो. रिक्षावाला ओरडला, "आदर्श आज सुट्टीवर!" टपरीवाला म्हणाला, "बऱ्याच दिवसांची तहान दिसते." एकाने मोबाईल काढला आणि शूटिंग केलं. बैठक सुरू व्हायच्या आत ते अर्ध्या सिल्वासात फिरलं.

परक्यांचं सोडा. बैठकीला जाणारे आमचेच दोघे तिथून जात होते. त्याच्याच हाताने सुधारलेले. त्यातला एक तर त्याला बघून रडायला लागला, "भाऊने घेतली रे, भाऊने घेतली." दोघांनी त्याला उचललं, बंद दुकानाच्या शटरसमोर सावलीला आडवं केलं, डोक्यावर पाणी ओतलं, तोंडात लिंबू पिळलं. चढलेली उतरवायला जे करतात ते सगळं मायेने केलं. आणि झोपू द्या म्हणून बैठकीला निघून गेले. तिथे जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे उभे राहिले आणि भाऊची पुन्हा सुटावी म्हणून डोळे मिटून प्रार्थना केली. इकडे तो शटरखाली पडलेला, डोक्यात रक्ताची गाठ. तिकडे प्रार्थना.

मला राग येतो तो इथे येतो. हसणारे हसले, त्यांची लायकीच ती. पण हे पिणारे! दारू कशी चढते, कशी उतरते, डोळा कसा होतो, वास किती हात लांब येतो, हे ज्यांना झोपेतही कळतं, त्यांना कळू नये? दारू इतकी ओळखीची की माणूस ओळखू येईना.

माझा पोरगा बैठकीत होता. त्याने बाहेर येऊन फोन केला. "आप्पा, काका प्यालेत म्हणे."

मी विचारलं, "वास कोणी घेतला?"

पोरगा म्हणाला, "कसला वास?"

"अरे, तोंडाचा वास कोणी घेतला का?"

"नाही."

आयुष्यभर जो प्रत्येकाला वास घ्या, वास घ्या म्हणत फिरला, त्या दिवशी त्याच्या तोंडाजवळ एकही नाक गेलं नाही. मी रिक्षा केली. पोरगा तिकडून पळत आला. मी शटरसमोर गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या तोंडाला नाक लावलं. लिंबू. नुसतं लिंबू आणि उन्हात आंबलेली लाळ. दारूचा थेंब नाही. एक डोळा उघडा होता, त्याने मला बघितलं. मी म्हटलं, "कळलं मला. पास आहेस."

दवाखान्यात डॉक्टरांनी लकवा म्हणून सांगितलं. अशात वेळ फार महत्त्वाची असते, लवकर आणायला पाहिजे होतं, म्हणाले. कसं आणणार? दारुड्याचा शिक्का आधी पोचला होता. दोन-तीन दिवस तो तसाच राहिला, मग गेला. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आप्पा, पीत होते तेव्हा लोक रस्त्यावरून उचलून घरी आणायचे. सोडल्यावर कोणी आणलं नाही."

दहावा व्हायच्या आत नाक्यावरचा बोर्ड उतरला. मी त्या संस्थेच्या ऑफिसात गेलो. पंखा, थंड पाणी, ती शेवट छान करणारी बाई. मी म्हटलं, "तो प्यालेला नव्हता. डॉक्टरांना विचारा. आणि बोर्ड परत लावा."

"आजोबा, आम्हाला माहीत आहे हो. पण तो व्हिडिओ सगळीकडे गेलाय. आता वाद नको. आम्ही दुसरा चांगला माणूस शोधतोय."

मी म्हटलं, "शोधा. आणि सापडला की त्याला आधीच सांगून ठेवा, पडायचं असेल तर बोर्डापासून लांब जाऊन पड." पाणी तसंच ठेवून उठलो. ते दोघे लिंबू पिळणारेही माझ्याकडे आले, पाया पडायला लागले. मी पाय मागे घेतले. म्हटलं, माझ्या काय पाया पडता? वहिनींकडे जा, आणि रविवारी बैठकीत उभं राहून आधी हे सांगा, मग बाकीचं. ते सांगतात, असं पोरगा म्हणतो. सांगू देत. मला अजून त्यांचं तोंड बघवत नाही.

मग सुभाषकडे गेलो. राखोलीला, नदीच्या अंगाला त्याची खोली. भरदुपारी प्यालेला. मला बघून हसला. "या आप्पा, बसा. तुमच्या आदर्शने आपल्याला मोकळं केलं बघा."

"तो प्यालेला नव्हता."

"व्हिडिओ आहे माझ्याकडे. खोटं कशाला बोलता या वयात?"

"दाखव."

मी तो बघितला नव्हता. माझा फोन बटणांचा. त्याने भिंतीला टेकून मोबाईल लावला आणि आम्ही दोघे बघत बसलो. हसण्याचे आवाज. खांब. तो. मी सुभाषला बोटाने दाखवलं, हे बघ, तोंड एका बाजूने ओघळलंय. हा हात बघ, खांद्यापासून मेलाय. पिणाऱ्याचे दोन्ही हात डुलतात, तुला माहीत नाही? सुभाष हसायचा थांबला. आणि मग शेवटी, शूटिंग करणारा पुढे जातो तेव्हा, हा खांब सोडतो, कसाबसा त्याच्याकडे वळतो, मान पुढे काढतो आणि मोबाईलसमोर तोंड उघडून 'हाऽऽ' करतो. लोक खदाखदा हसतात. परत करतो. परत हसतात. तिथे संपतं.

सुभाषने ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. मग मोबाईल पालथा टाकला आणि बाहेर जाऊन ओकला. बराच वेळ नळाखाली डोकं धरून बसला. मला वाटलं, आता जावं. तर तिथूनच म्हणाला, "आप्पा, रविवारी मला घ्यायला याल का? तो रस्ता एकट्याने होत नाही माझ्याकडून. सगळे बार डाव्या हाताला येतात."

मी कधी दारूला शिवलो नाही. बैठकीत माझं काम नाही. पण रविवारी गेलो. शाळेपर्यंत रिक्षाने गेलो असतो, तर सुभाष म्हणाला, रिक्षावाले त्याच्या ओळखीचे, पोचवतील भलतीकडेच. म्हणून नाक्यापासून पायी. त्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. माझा गुडघा गेलेला, मी चालतो तेच डुलत. तो मला ओढायचा, मी त्याला ओढायचो, असे आम्ही बारच्या ओळीवरून चाललो होतो. उन्हात.

टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "अरे, म्हाताऱ्याने पण चालू केली काय? भरदिवसा!"

सुभाष थांबला. "आप्पा, त्याला सांगू का?"

मी टपरीकडे बघून एक ठेवणीतली शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही, आणि त्याला म्हटलं, "चल. त्याला सांगत बसलो तर उशीर होईल."

आम्ही बारची ओळ तशीच डुलत पार केली. शाळेच्या खोलीत सगळे बसले होते. दाराशी चपलांचा ढीग पडला होता. सुभाषला चपलेचा पट्टा निघेना, हात इतके थरथरत होते. मी खाली वाकलो आणि काढून दिला.